श्रावणबाळचे पैसे वाढवावेत की २१ हजारांची अट बदलावी?

खाडीकाठ

श्रावणबाळ योजनेची (गरीब वृद्धांना राज्य सरकार दरमहा देतं ते अनुदान) रक्कम वाढवा, ही मागणी दर निवडणुकीला होते आणि ती रास्तच आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्या माणसांची गाडी त्याआधीच अडते. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. हा आकडा पंधरा वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही. अनुदान मात्र या काळात ६०० वरून १,००० (२०१९) आणि मग १,५०० (जुलै २०२३) झालं.

२०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एका माणसाने ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये होतात. झालं, घर अटीबाहेर! एका हाताने कामाची हमी द्यायची आणि ते काम केलं म्हणून दुसऱ्या हाताने म्हातारीचं अनुदान नाकारायचं.

दुसरी विसंगती लाडकी बहीणमुळे उघडी पडली. तिथे वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळ ६५ ला सुरू होतं. त्यामुळे साठ हजार उत्पन्नाच्या घरातल्या बाईला चौसष्टाव्या वर्षी दीड हजार मिळतात आणि वय वाढलं म्हणून ते बंद होतात. खरं तर गरज तेव्हा सुरू होते.

तर प्रश्न असा: सरकारकडे पैसा मर्यादित आहे असं धरलं, तर आधी रक्कम वाढवावी की अट?

रोखठोक

आधी रक्कम. अट अडीच लाख केलीत तर गावातलं कोण बाहेर राहील? ज्याला खरोखर कोणी नाही, त्याच्या ताटातले पैसे चार घरांत वाटले जातील आणि कुणाचंच पोट भरणार नाही.

शिवाय २१ हजारांची अट पाळतं कोण? ज्यांची हापूसची शंभर-शंभर कलमं आहेत, त्यांचेही २१ हजारांचे दाखले निघतात. अट सैल करण्याची भाषा करण्याआधी तपासणी घट्ट करा. बोगस नावं वगळली तर आहे त्या पैशात खऱ्या निराधाराला तीन हजार देता येतील.

खाडीकाठ

रोखठोक, तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत. खोटा दाखला मिळवू शकणारा आत येतो. खरं ३०,००० उत्पन्न सांगणारी बाई बाहेर राहते. मग ही अट नेमकं कुणाला गाळते?

सेतूवाला

दाखला कसा निघतो यावर थोडं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, पण तो उभा असतो तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी) चौकशी अहवालावर आणि अर्जदाराच्या जबाबावर. अर्ज परत येण्याची कारणं साधारण ठरलेली आहेत.

पहिलं कारण रेशनकार्ड. मुंबईतल्या मुलाचं नाव गावच्या कार्डावर तसंच असतं. कार्ड एक म्हणजे कुटुंब एक असा अर्थ लावला जातो आणि मुलाचा पगार आईच्या उत्पन्नात मिसळतो. मुलगा खरोखरच वेगळा राहत असेल, तर त्याचं नाव आधी कमी करून त्याच्या राहत्या जागी चढवून घ्यावं. श्रावणबाळचा अर्ज त्यानंतर. उलट्या क्रमाने केलं की चौकशीत जुनंच कार्ड पुढे येतं.

दुसरं कारण वय. नुसत्या आधारवर वयाचा पुरावा भागेल असं धरू नका. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाकडून वयाचा दाखला घ्यावा लागतो. आधारवरचं वय आणि या दाखल्यातलं वय यांत तफावत असेल तर आधार आधी दुरुस्त करा. आता पैसे आधारशी जोडूनच येतात, त्यामुळे ती तफावत पुढे पुन्हा आडवी येते.

तिसरं, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्याचा पुरावा. गावात जन्म काढलेल्याला हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण मुंबईहून परत आलेल्याकडे गावचा एकही जुना कागद नसतो. मुंबईतलं वास्तव्यही महाराष्ट्रातलंच आहे. तिथली जुनी मतदारयादी, रेशनकार्ड, वीजबिल जोडा.

नावातला फरक वेगळाच. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात तिसरंच. एकच नाव धरून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यावेत. हे आधी करायचं काम सगळे शेवटी करतात.

सातबारा

यात कोकणाची खास अडचण राहिली: सामायिक खातं. घाटावर एका सातबाऱ्यावर दोन-चार नावं असतात. आपल्याकडे पणजोबांच्या नावची जमीन तीसेक वारसांच्या नावे लागलेली असते. अर्जदार बाईचा प्रत्यक्ष वाटा दोन-तीन गुंठ्यांचा, तोही वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. पण आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) काढला की खात्याचं पूर्ण क्षेत्र दिसतं आणि शेरा पडतो ‘शेतजमीनधारक’.

त्यात ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवर करायची पिकाची नोंद. सामायिक खात्यात प्रत्येकाने आपल्या ताब्यातल्या क्षेत्रापुरतीच नोंद करायची असते. पण एखादा चुलतभाऊ संपूर्ण गटावर आंबा दाखवून मोकळा होतो आणि कागदावर बाई बागायतदार होतात.

म्हणून चौकशीच्या वेळी जबाबात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: खात्यात एकूण सहहिस्सेदार किती, अर्जदाराचा हिस्सा किती, आणि तो प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे किंवा पडीक आहे. वारस फेरफाराची नक्कल सोबत जोडा. तोंडी सांगितलेलं अहवालात उतरत नाही. आणि नाव काढून टाकण्यासाठी हक्कसोड करण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. दीड हजारांसाठी हक्कसोड केली की जमीन कायमची जाते, आणि अनुदान मिळेलच याची खात्री नाही.

माडाखाली

ह्या सगळां बरोबर आसा, पण सत्तर वर्षांच्या म्हातारेक फेरफार, आठ-अ, जबाब ह्या कोण समजावतलो? एजंटाक पैसे देवनच ती मोकळी जाता.

सेतूवाला

माडाखाली, म्हणूनच सांगतो: अर्ज नेऊन दिलात की पोच घ्या, तारीख आणि क्रमांकासकट. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्जावर काय शेरा आहे ते विचारा. १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. बहुतेक वेळा कारण एका ओळीचं असतं आणि एका कागदाने सुटतं. एजंट तीच ओळ आपल्याला विकत असतो.

निवृत्त_वाहक

दारिद्र्यरेषेचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. श्रावणबाळचे दोन गट आहेत. ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, त्यांना इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून केंद्राचा वाटा मिळतो आणि उरलेलं राज्य घालतं. यादीत नाव नसलं पण उत्पन्न २१ हजारांच्या आत असलं, तर सगळे पैसे राज्याचे. ग्रामीण भागात यादी धरली जाते ती २००२ च्या सर्वेक्षणाची. त्यानंतर घरातला कमावता गेला, कर्ज झालं, तरी यादी तीच.

केंद्राचा वाटा किती? ८० वर्षांखालच्यांना २०० रुपये. २००७ पासून तेवढाच. ८० नंतर ५००. राज्याने दीड हजार केले म्हणून ओरड करणाऱ्यांनी हे दोनशेही बघावेत.

आता ईपीएस-९५ कडे (पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांची पेन्शन योजना) येतो, कारण एसटी, सहकारी संस्था, कारखाने असं करत आपल्याकडची हजारो घरं त्यावर आहेत. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. महागाई भत्ता नाही. एकदा ठरली की मरेपर्यंत तीच. हिशोब असा: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० आणि नंतरच्या सेवेला १५,०००. समजा, मर्यादेइतका पगार असलेल्याची आधीची १० वर्षं आणि नंतरची ८. तर ९२९ अधिक १,७१४, म्हणजे साधारण २,६४३ रुपये. २० वर्षं भरली तर दोन वर्षं जादा धरतात. ५८ च्या आधी घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कपात. पंचावन्नाव्या वर्षी घाईने अर्ज करणारे १२ टक्के कायमचे घालवतात.

आणि आता गंमत बघा. नवऱ्याला १,८०० रुपये ईपीएस मिळतं. वर्षाचे २१,६००. तेवढ्यावरून बायकोचं श्रावणबाळ बसत नाही. सहाशे रुपये जास्त झाले म्हणून घरात वर्षाचे १८,००० येत नाहीत. नवऱ्याला १,७०० पेन्शन असती तर घर जास्त श्रीमंत झालं असतं!

रोखठोक

हे उदाहरण पटलं. पण यावर उपाय अट उठवणं नाही. उत्पन्न वाढेल तसं अनुदान कमी करत न्या. २१ हजारांपर्यंत पूर्ण, ५० हजारांपर्यंत निम्मं.

खाडीकाठ

कागदावर छान दिसतं. पण मग उत्पन्न अचूक मोजायला हवं. ज्या घराची कमाई एक हंगाम आंबा, एक हंगाम काजू, चार महिने मासळी सुकवणं आणि मुलाकडून आले तर पैसे अशी आहे, तिथे ४८ हजार आणि ५२ हजार यांतला फरक कोण सांगणार? पायऱ्या जितक्या जास्त, तितके दाखले जास्त आणि तितके एजंटही.

पात्रादेवी_नाका

बांद्याच्या पलीकडे बघा. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत साठाव्या वर्षापासून महिन्याला २,००० मिळतात. १५ वर्षं वास्तव्याची अट तिथेही आहे. फरक उत्पन्नाच्या अटीत आहे. ती माणशी मोजली जाते आणि अनुदानाच्या वार्षिक रकमेशी बांधलेली आहे. अनुदान वाढलं की अट आपोआप वाढते, वेगळा निर्णय लागत नाही.

आपल्याकडे हीच रीत लावली तर १,५०० गुणिले १२, म्हणजे माणशी १८,०००. चार माणसांच्या घराला ७२,०००. रोखठोक म्हणतात तशी गावभर खिरापत होत नाही आणि रोजगार हमीवर जाणारं घरही बाहेर पडत नाही. माझं मत याला.

(एसटीचंही असंच सीमेवर अडतं. ७५ वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट, पण राज्याच्या हद्दीपर्यंत. सावंतवाडीहून पणजीला जाताना पुढच्या टप्प्याचे पैसे सुटे ठेवा, वाहकाशी वाद घालू नका.)

निवृत्त_वाहक

अनुमोदन. माणशी अट हा या धाग्यातला सगळ्यात व्यवहारी मुद्दा.

टपालवाडी

रक्कम आणि अट दोन्ही ठीक झाल्या तरी पैसे हातात पडायला हवेत. मंजूर असूनही पैसे न येण्याची कारणं मी सांगतो.

आधार-आधारित थेट जमा म्हणजे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नातवाने कुठल्या तरी कर्जासाठी किंवा सिमकार्डवाल्याने स्टॉलवर आजीचं नवं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिथे साचत असतात आणि आजी जिल्हा बँकेचं पासबुक भरून घेत बसते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ तपासलं की कोणती बँक जोडलेली आहे ते एका मिनिटात कळतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज लेखी द्या. केवायसी केलं म्हणजे जोडणी झाली असं नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

खात्याच्या क्रमांकावर येणाऱ्या पैशांना मात्र शाखेचा आयएफएससी (सांकेतिक क्रमांक) लागतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुनं पासबुक वापरणाऱ्यांनी नव्या पासबुकावरचा तपशील पेन्शन कार्यालयात कळवला आहे का, ते बघून घ्यावं.

आता बोटांचे ठसे. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी टरफलातल्या तेलाने जळते. वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यात रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नाही ही रोजची गोष्ट आहे. अशांनी आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घ्यावेत, डोळ्यांचे स्कॅनही अद्ययावत करावेत आणि जमेल तिथे चेहऱ्याने ओळख पटवावी.

हयातीचा दाखला (ईपीएस आणि सरकारी पेन्शनवाल्यांसाठी) चेहऱ्यावरून मोबाइलवर निघतो. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अॅप लागतात. आधी फोन चालवणाऱ्याची ओळख, मग पेन्शनरची. भिंतीकडे तोंड करून नको, उजेड समोरून यावा, चष्मा काढावा, डोळे उघडमीट करावेत. पावसाळ्यात खोलीत दिवा लावूनही जमत नाही, पडवीत बसवा. चुका होतात त्या पीपीओ (पेन्शन मंजुरी आदेश) क्रमांकात आणि पेन्शन मंजूर करणारं कार्यालय निवडताना. प्रमाण क्रमांक मिळाला म्हणजे दाखला स्वीकारला गेला असं नसतं. दोन-चार दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. डाकसेवक घरी येऊनही दाखला काढून देतो, त्याचा उपयोग करून घ्या. ईपीएसवाल्यांनी नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही. ज्या दिवशी द्याल तिथून पुढे १२ महिने चालतो.

आंबोशी

टपालवाडीदादा, खूप उपयोगी. एक विचारते. सत्तरीवरच्यांचं पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट आहे का? आमच्या वाडीत सगळे म्हणतात पिवळं रेशनकार्ड लागतं.

टपालवाडी

नाही हो ताई. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो. आधार पुरे. पण पाच लाख माणशी नाहीत. नवरा-बायको दोघंही सत्तरीवरचे असतील तर दोघांत मिळून वर्षाला पाच लाख. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं यात येत नाहीत, दाखल व्हावं लागतं. आणि रुग्णालय यादीत आहे एवढं बघून जाऊ नका. कोणत्या विभागासाठी आहे ते फोन करून विचारा. हाडांसाठी यादीत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. कोल्हापूरपर्यंत घाट चढून गेल्यावर हे कळलं तर गाडीभाडंच अंगावर पडतं. दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) गाठून कार्ड दाखवा, बिल झाल्यावर नाही.

खाडीकाठ

बघा, आरोग्यासाठी सरकारने सत्तरीनंतर उत्पन्न विचारणंच सोडून दिलं. वय हीच अट. मग अनुदानासाठी निदान पंच्याहत्तरीनंतर तसं का नको? त्या वयात उत्पन्नाचा दाखला काढायला लावणं हाच छळ आहे.

कायदा_काय_म्हणतो

एक बाजू कुणी मांडली नाही. मुलगा कमावता असताना सरकारने का पोसावं, असं तलाठी ते आमदार सगळे खासगीत म्हणतात. त्यावर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे. पालक राहतात तिथे करता येतो, मुलाच्या मुंबईला जायची गरज नाही. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० चा आदेश होतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, फार तर आणखी ३०. आदेश पटला नाही तर पालकाला ६० दिवसांत अपील. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक मालमत्तेचा वारस होणार, त्याच्याविरुद्धही अर्ज चालतो.

घर किंवा बाग मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करणाऱ्यांनी एक वाक्य दस्तात घालून घ्यावंच: ‘देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर’. कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून मागताना हे वाक्य नसलं की भांडण लांबतं. आपल्याकडे दस्त लिहिणारे ‘प्रेमापोटी’ एवढंच लिहितात.

आंबोशी

कायदा बरोबर असेल, पण आपल्या कोकणातली कुठली आई मुलावर केस करायला प्रांताकडे जाईल? वाडीत तोंड दाखवता येणार नाही. मुलगा पैसे पाठवत नाही हे ती तलाठ्यालासुद्धा सांगत नाही. ‘पाठवता हा’ म्हणते आणि तेच उत्पन्नात धरलं जातं.

कायदा_काय_म्हणतो

मान्य. म्हणून १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक आहे. आधी समजुतीने मिटवायचा प्रयत्न होतो, केस नंतर.

रोखठोक

आंबोशीताईंचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी सांगतो, २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली होती. तरुण गेले, म्हातारे उरले. पंच्याहत्तरीवरच्या सगळ्यांना सरसकट द्यायचं म्हटलं तर या दोन जिल्ह्यांत दर दुसऱ्या घरात द्यावं लागेल. तेवढी तयारी आहे का? नसेल तर मी पात्रादेवी_नाका यांच्या माणशी अटीला हात वर करतो. पण वर्षातून एकदा ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचली गेली पाहिजे. कोण खोटं आहे ते वाडीला दाखल्यापेक्षा जास्त कळतं.

पात्रादेवी_नाका

यादी वाचायला हरकत नाही. त्याच सभेत कोण सुटलंय तेही विचारा. आणि १,५०० ला महागाई जोडा. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तरी पाच वर्षांत त्याचं मोल १,१७५ वर येतं. मग पुन्हा निवडणुकीची वाट.

सेतूवाला

चर्चा चालू द्या. ज्यांच्या घरात या वर्षी कुणी ६५ पूर्ण करतंय, त्यांनी वाढदिवसाची वाट न बघता रेशनकार्ड, नावातली तफावत आणि बँक जोडणी ही तीन कामं आताच उरकावीत. उत्पन्नाचा दाखला मात्र शेवटी काढा, त्याला मुदत असते. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीची बैठक लांबली की अर्ज पडून राहतात आणि दाखला शिळा झाला म्हणून परत येतात. तसं झालं तर नवा अर्ज करू नका, जुन्या पोच क्रमांकावर फक्त नवा दाखला जोडून द्या.